घामात सूर हरवणारा सदरा

हृदयाचे ठोके टिपणाऱ्या सदऱ्यासाठी संशोधक चांदीचा मुलामा दिलेल्या धाग्यांचा अँटेना कापडातच विणतात. त्याने नोंद मोबाइलपर्यंत पोहोचते. ब्लूटूथच्या लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर, अँटेना त्याच मापाला जुळवलेला असतो. परंतु पाणी विद्युत-लहरींना कोरड्या कापडाहून कितीतरी अधिक प्रभावित करते. नागपूरच्या वैशाखात, ४५ अंशांच्या उन्हात सुती सदरा भिजला, की तंबोऱ्याची तार उतरावी तसा अँटेना खालच्या सुरात जातो आणि संदेश क्षीण होतो.

यावर उपाय म्हणजे व्हॅरॅक्टर नावाचा इवलासा घटक. त्यावरील व्होल्टेज बदलले, की अँटेना पुन्हा सुरात येतो. मागे विद्युतवाहक कापडाचा थर दिल्यास शरीराचा प्रभावही घटतो.

हे महत्त्वाचे का? हृदयविकाराच्या झटक्यात अनेकदा दरदरून घाम सुटतो. म्हणजे संदेशाची गरज सर्वाधिक, तेव्हाच तो खंडित होण्याची भीती. म्हणून सक्करदऱ्यातील माझ्या दवाखान्यात विचारणाऱ्यांना मी सांगतो: नोंद थांबली म्हणून घाबरू नये, नोंद ठीक दिसली म्हणून निश्चिंतही राहू नये. छातीत दुखून घाम फुटला, तर सदऱ्याच्या निरोपाची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.