कूर्चेची गाठ : कोणत्या हाडात आहे?

कूर्चा म्हणजे कानाच्या पाळीवरच्या भागात लागते तशी लवचीक, मऊ हाडासारखी पेशीरचना. तिची गाठ बोटाच्या हाडात असली, तर ती बहुधा साधी असते. पुष्कळदा बोट मोडल्यावर काढलेल्या एक्स-रेमध्येच ती कळते. तशीच गाठ मोठ्या माणसाच्या कमरेच्या हाडात किंवा बरगडीत असली, तर डॉक्टर कर्करोगाची शंका घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दोन्ही सारख्या दिसू शकतात! उलट बोटातल्या साध्या गाठीच्या पेशीच कधी कधी जास्त भीतिदायक वाटतात. म्हणून नुसत्या तुकड्यावरून निदान करणे धोक्याचे. बायोप्सीचा नमुना दुसऱ्या रुग्णालयात दाखवायला नेताना एक्स-रे आणि एमआरआय सोबत जरूर न्या. हाड रात्री झोपू न देण्याइतके दुखत असेल, तर मालिश करीत बसू नका. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.