चिऱ्याच्या भिंती, सोनेरी वेदी

रत्नागिरीच्या सड्यावरील खाणींतून घरबांधणीसाठी जो चिरा निघतो, त्याच जातीच्या जांभ्या दगडात जुन्या गोव्यातील बहुतेक चर्च उभी राहिली असल्याने, त्यांच्या अंतर्भागाचे रूप समजून घेताना या दगडापासून सुरुवात करणे योग्य ठरते. जांभा खाणीत असताना सहज कापता येण्याइतका मऊ असतो व हवा लागल्यावर कठीण होतो. मात्र त्याचे अंग सच्छिद्र असल्यामुळे त्यावर बारीक नक्षी उठत नाही, आणि उघडा ठेवल्यास तो पावसात झिजत जातो. म्हणूनच भिंती जाड बांधायच्या, त्यांवर चुन्याचा गिलावा चढवायचा आणि कोरीव कामाची सारी हौस लाकडावर भागवायची, अशी येथील पद्धत पडली.

टेकडीवरील पर्वतमातेचे चॅपल, म्हणजे छोटे प्रार्थनामंदिर, हे या पद्धतीचे साधे उदाहरण होय. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने आदिलशाहीकडून शहर जिंकल्यानंतर ते प्रथम उभारले गेले व पुढे त्याची पुनर्बांधणी झाली. पांढऱ्या, जवळजवळ अनलंकृत भिंतींमुळे आत शिरणाऱ्याची नजर थेट वेदीकडे, म्हणजे ज्यावर मिस्साविधी होतो त्या पवित्र मेजाकडे जाते. ही योजना मंडपातून अंधाऱ्या गाभाऱ्याकडे नेणाऱ्या देवळाच्या रचनेहून फारशी निराळी नाही.

मोठ्या चर्चमध्ये वेदीमागे छतापर्यंत चढणारी लाकडी कोरीव चौकट असते, तिच्यावर सोन्याचा वर्ख दिलेला असतो, आणि पीळदार खांबांमधील कोनाड्यांत संतांच्या मूर्ती बसवलेल्या असतात. हे काम बव्हंशी स्थानिक सुतारांच्या हातचे होते. १५६७ च्या गोव्यातील धर्मपरिषदेला बिगरख्रिस्ती कारागिरांकडून ख्रिस्ती मूर्ती घडवून घेण्यास मनाई करावी लागली, यावरूनच तो प्रघात किती रुळला होता हे उघड होते. दालनाच्या बाजूच्या भिंतीत उंचावर बसवलेल्या प्रवचनपीठाला अनेक ठिकाणी नागकन्यांसारख्या आकृतींनी खालून तोलून धरलेले दिसते, आणि त्यावरचे लाकडी छत्र केवळ शोभेचे नसून, ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात धर्मगुरूंचा आवाज वर विरू न देता श्रोत्यांकडे परतवण्यासाठी असे. खिडक्यांना काचेऐवजी चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे तुकडे बसवण्याची रीत असल्याने कोकणातील कडक ऊन आत मऊ होऊन येई.

१९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर धर्मगुरू लोकांकडे तोंड करून विधी करू लागले, त्यामुळे पुढे एक नवे, साधे मेज आले आणि जुनी वेदी प्रामुख्याने पार्श्वभूमी बनून राहिली.

गिलाव्याचे महत्त्व मात्र १६०५ मध्ये पवित्र करण्यात आलेल्या बॉम जेझस बॅसिलिकेत सर्वांत स्पष्ट कळते. तिच्या दर्शनी भागातील कोरीव कामासाठी वसईहून काळा दगड आणला गेला, कारण जांभ्याला ते काम पेलणारे नव्हते. १९५० च्या दशकात वास्तूला पुरातन रूप देण्याच्या भरात बाहेरील गिलावा काढण्यात आला, आणि तेव्हापासून उघडा पडलेला जांभा दर पावसाळ्यात पाणी शोषून झिजत आहे. तो पुन्हा झाकावा की आज लोकांच्या परिचयाचे झालेले तांबडे रूप तसेच राखावे, यावर मतभेद आहेत.