अश्लीलता नव्हे, संमती पाहा

पिंपरी-चिंचवडला 2018 मध्ये स्वतंत्र पोलिस आयुक्तालय मिळालं. हिंजवडीच्या आयटी कंपन्या आणि चाकणचे वाहन कारखाने त्याच्याच हद्दीत येतात. समजा, इथल्या एखाद्या कारखान्यात दुसऱ्या पाळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी चावट विनोद टाकला आणि दुसऱ्या कुणी सहकारी महिलेचा चोरून काढलेला उघडा फोटो फिरवला. विनोदानं कुणाचं काही बिघडलं नाही. फोटोनं एका बाईचं जगणं मुश्कील केलं. तरीही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 खाली दोघांवरही गुन्हा नोंदवता येतो. पहिल्याच दोषसिद्धीला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड! मजकूर कामुक आहे का, एवढंच हे कलम पाहतं. संमती होती का, हे विचारतच नाही. म्हणून ते रद्द व्हायला हवं.

अश्लील काय, हे ठरवण्याचा अधिकार हाती आला की तो नको तिथे चालतो. र. धों. कर्वे यांनी 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू करून लैंगिक प्रश्नांची शास्त्रीय उत्तरं दिली, तर त्यांच्यावर खटले झाले. 1934 मध्ये डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. ‘कॉलेज रोमान्स’ ही वेबमालिका 2018 ची. शिवराळ भाषा म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे, हे तिच्यावरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाकडून ऐकायला 2024 उजाडलं. न्यायालयं कायद्याचा अर्थ मर्यादित करतील, तेवढं पुरे, असं काही जण म्हणतात. पण पालघरमध्ये 2012 साली एका फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना ज्याखाली अटक झाली, ते याच कायद्याचं कलम 66 अ 2015 मध्ये घटनाबाह्य ठरलं. तरी त्याखाली खटले चालवू नका, असं न्यायालयाला 2022 मध्ये पुन्हा बजावावं लागलं.

मुलांचं आणि बायकांचं काय, हा आक्षेप रास्त आहे. मात्र बालकांच्या लैंगिक चित्रणाला कलम 67 ब आणि पॉक्सो आहेत. चोरून काढलेल्या खासगी छायाचित्राला 66 ई आहे. बाईला तिच्या मनाविरुद्ध अश्लील चित्रं दाखवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 75 खाली लैंगिक छळ आहे. ही कलमं राहिलीच पाहिजेत, नेटानं राबवलीही पाहिजेत. संसदेनं 67 वगळावं आणि उघड लैंगिक कृत्यांच्या चित्रणावरच्या 67 अ मध्ये प्रौढांच्या संमतीची कसोटी घालावी. पोलिसांचा वेळ विनोद तपासण्यात नव्हे, तर फोटो फिरवणाऱ्याला पकडण्यात गेला पाहिजे.