दहावी-बारावी कुणी ठरवली? जे. पी. नाईक यांची गोष्ट

घरातल्या आजोबांना विचारा, ते अकरावीला मॅट्रिक झाले असतील. महाराष्ट्रात नव्या पद्धतीची दहावीची पहिली बॅच बाहेर पडली १९७५ साली. हा १०+२+३ पॅटर्न देशभर न्यायचा, ही शिफारस कोठारी आयोगाची.

अध्यक्ष दौलतसिंग कोठारी, पण सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक. जन्म १९०७, कोल्हापूर जिल्ह्यातलं बहिरेवाडी. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास, मग गारगोटीचं मौनी विद्यापीठ, मग दिल्लीत केंद्राचे शिक्षण सल्लागार. सदस्य-सचिव म्हणजे बैठका, आकडेवारी, अहवालाचा मसुदा, सगळं त्याच्या टेबलावरून जाणार.

१९६६ च्या त्या अहवालात अजून दोन गोष्टी होत्या. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च आणि परिसर शाळा. म्हणजे वस्तीतली सगळी मुलं, गरीब असो की श्रीमंत, जवळच्या एकाच शाळेत.

पॅटर्न आला, पण या दोन गोष्टी राहिल्या. सकाळी डोंबिवलीत एकाच सोसायटीच्या गेटवर चार शाळांच्या बस थांबतात आणि वॉचमनचा मुलगा पालिकेच्या शाळेत चालत जातो. ते बघताना मला हेच आठवतं.

नाईकांनी मात्र हात झटकले नाहीत. आयोगाचं पुढे काय झालं, कुठे चुकलं, याचा हिशोब त्यांनी स्वतःच पुस्तकात मांडला. आम्ही आयटीवाले रिलीज फसल्यावर हेच करतो. फक्त इथे दुसरा रिलीज अजून आलेला नाही.