निळी रेषा, लाल रेषा आणि आपलं घर

‘घर पाहावं बांधून’ म्हणतात ते उगीच नाही. प्लॉट घेताना घरातली बाई पोटाला चिमटा काढून साठवलेले पैसे बाहेर काढते, वेळ पडली तर अंगावरचं सोनंही मोडते. रस्ता पाहिला जातो, शेजार पाहिला जातो, वास्तूची दिशासुद्धा पाहिली जाते. पण इथे पुराचं पाणी येतं का, हे विचारणाऱ्या किती जणी?

मराठवाडा म्हणजे दुष्काळ, पूर तिकडे कोल्हापूर-सांगलीला, अशी आपली समजूत. पण जुलै 2022 मध्ये शिरड शहापूरच्या शेजारच्या वसमत तालुक्यात, कुरुंद्यात पुराचं पाणी घराघरांत शिरलं. घरात पाणी शिरलं की धान्य, अंथरूण-पांघरूण, पोरांची दप्तरं, कागदपत्रं सगळं एका रात्रीत जातं. आणि चिखल उपसायला पदर खोचून उभी राहते ती बाईच!

यासाठी नियम आहेत. जलसंपदा विभाग नदीकाठच्या नकाशावर दोन रेषा आखतो. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या महापुराची ती लाल. नदी आणि निळ्या रेषेच्या मधल्या जागेत नवं घर बांधता येत नाही. बाग, मैदान, उघडा भाजीबाजार अशा गोष्टी चालतात. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधता येतं, पण राज्याच्या 2020 च्या बांधकाम नियमावलीनुसार जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा 45 सेंटीमीटर, म्हणजे दीड फूट उंच हवं.

‘25 वर्षांतून एकदा’ म्हणजे एकदा येऊन गेला की 25 वर्षं निर्धास्त, असं मात्र नाही हं! दरवर्षी शंभरात चार अशी ती शक्यता असते. 20 वर्षांचं गृहकर्ज फिटेपर्यंत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त भरते.

दुसरी गोष्ट, सगळ्याच ओढ्या-नाल्यांच्या काठी अशा रेषा आखलेल्या नसतात. नकाशावर रेषा नाही म्हणजे पाणी येणार नाही, असं कुणी सांगितलं? शिवाय कागदावरचे नियम बदलतातही. समुद्रकिनारी 1991 पासून भरतीरेषेजवळच्या बांधकामावर बंधनं आहेत. 2019 मध्ये दाट वस्तीच्या किनारी गावांसाठी बांधकामबंदीचा पट्टा 200 मीटरवरून 50 मीटरवर आणण्याची तरतूद झाली. नियम मागे सरकला, पण समुद्र काही मागे सरकला नाही!

आणि ज्यांची घरं आधीच पाण्याच्या वाटेत आहेत, त्यांचं काय? नदीकाठी कुणी हौसेनं राहत नाही, स्वस्त जागा तिथेच मिळते. त्यांना नुसतं ‘उठा’ म्हणून भागणार नाही. पर्यायी जागेचा विषय ग्रामसभेत काढायला हवा, आणि तो बायकांनीच काढायला हवा.

मग मैत्रिणींनो, इसार देण्याआधी एवढं कराच. एनएचा आदेश आणि मंजूर रेखांकन पाहायला मागा. गट नंबर सांगून, ही जागा पूररेषेत येते का, असा अर्ज जलसंपदा विभागाच्या कार्यालयात लेखी द्या. दाद लागली नाही तर माहितीचा अधिकार आहे. 10 रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर. आणि गावातल्या म्हाताऱ्या आजीला विचारा, पाणी कुठवर आलं होतं ते. देवळाची कितवी पायरी बुडाली होती, हे तिला नेमकं आठवतं.

‘बायकांना काय कळतं प्लॉटातलं’ असं कुणी म्हणालं तर म्हणू द्या. कपाटातलं सोनं मोडायचं असेल, तर प्रश्न विचारायचा हक्क आपलाच आहे.