एक खोरे, दोन गती

एकाच नदीच्या खोऱ्यातील दोन प्रदेशांची आर्थिक वाढ सारख्या गतीने का होत नाही, हा प्रश्न नियोजनाच्या चर्चेत वारंवार उपस्थित होतो. पाऊस, जमीन आणि लोकांचा स्वभाव ही त्याची नेहमीची उत्तरे. स्वभावाचे उत्तर तर फारच सोयीचे, कारण त्यावर काही खर्च करावा लागत नाही! गोदावरीचे खोरे मात्र निराळे उत्तर देते.

प्रवरा नदीवरील भंडारदरा धरण 1926 साली पूर्ण झाले. हीच प्रवरा पुढे गोदावरीस मिळते आणि तिचे पाणी पैठणच्या नाथसागरात येते. परंतु त्या जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी 1965 मध्ये झाली व उद्घाटन 1976 मध्ये. श्रीरामपूर आणि पैठण यांच्यातील अंतर एसटीने काही तासांचे. पाटाच्या पाण्याचे मात्र अर्ध्या शतकाचे. मधली सीमा निसर्गाने आखलेली नव्हती. मराठवाडा 1948 पर्यंत निजामी राजवटीत होता. त्या राजवटीने धरणे बांधलीच नाहीत, असे नव्हे. बीड जिल्ह्यात उगम पावणाऱ्या मांजरेवर तिने निजामसागर उभारला. पण तो तत्कालीन निजामाबाद जिल्ह्यात.

या अर्ध्या शतकात केवळ ऊस वाढला नाही. बागायतीबरोबर बाजारपेठ आली, पतपेढ्या आल्या, हिशेब ठेवण्याची व एकत्र येऊन व्यवहार करण्याची सवय आली. 1950 मध्ये विठ्ठलराव विखे-पाटील यांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने लोणी येथे सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हा भागभांडवल देणारा आणि सभेत जाब विचारणारा शेतकरी तेथे तयार होता. पुढे कारखान्यामागून रस्ते व शिक्षणसंस्था आल्या. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ 1958 मध्ये मिळाले.

प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने 1984 मध्ये जिल्हा हे एकक आणि राज्याची सरासरी ही कसोटी मानून विकासाचा अनुशेष मोजला. रस्ते, सिंचन यांचा हिशेब त्यामुळे प्रथमच आकड्यांत आला, हे मोठेच काम. तथापि उशिरा झालेल्या आरंभाची किंमत किलोमीटर व हेक्टरांत मोजता येत नाही. शिवाय सरासरी बरेच काही झाकते. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातच प्रवरेच्या पाटाखालील श्रीरामपूर आहे आणि अवर्षणप्रवण जामखेडही. जिल्ह्याच्या आकड्यात दोन्ही एकत्र मिसळतात. वैधानिक विकास मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. त्यानंतर तर तालुक्यांचे आकडे स्वतंत्रपणे मागण्याचे काम पंचायत समितीच्या सदस्यांनाच अधिक नेटाने करावे लागेल.