नियमात न लिहिलेलं

शिडाच्या छोट्या होड्यांच्या शर्यतीत बहुतेक वर्गांचा पाया एकच असतो: सगळ्यांच्या होड्या हुबेहूब सारख्या. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांची ऑप्टिमिस्ट अशीच. मुंबईच्या आर्मी यॉटिंग नोडमध्ये तयार झालेला विष्णू सरवणन टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्या लेझरवर उतरला, तीही अशीच. होडीत फरक नाही, म्हणजे हारजीत चालवणाऱ्याच्या हातात. मोथ नावाचा वर्ग मात्र वेगळ्या वाटेने गेला. ऑस्ट्रेलियात इन्व्हर्लॉकला लेन मॉरिस याने १९२८ साली बांधलेल्या ११ फुटी होडीपासून त्याची सुरुवात झाली. त्याचे नियम आजही मोजकेच आहेत: लांबी ३.३५५ मीटरच्या आत, रुंदी २.२५ मीटरच्या आत, शीड सुमारे ८ चौरस मीटर आणि होडीला धड एकच. वजन किती आणि आकार कसा, हे ज्याचं त्याने बघावं. तरुण खलाशांना मोथचं वेड लागतं ते तिच्या वेगामुळे, असा सर्वसाधारण समज आहे. वेग आहेच, चांगल्या वाऱ्यात ही होडी ताशी ५० किलोमीटरच्या पुढे जाते. पण वेग हे फळ झालं. त्याचं मूळ नियमांनी सोडलेल्या मोकळ्या जागेत आहे.

ती जागा कशी वापरली गेली, हे पाहण्यासारखं आहे. होडी पाण्यात चालते तेव्हा स्वतःच उठवलेली लाट तिला मागे खेचते. तिला पाण्याबाहेरच उचललं तर हा अडसर जवळजवळ संपतो. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असल्यामुळे उचलायला अगदी छोटे पंख पुरतात. पर्थच्या २००१ च्या जागतिक स्पर्धेत ब्रेट बर्विल दोन्ही बाजूंना तिरपे पंख लावलेली होडी घेऊन आला आणि शर्यत जिंकून गेला. हे एका धडाच्या व्याख्येत बसत नाही, म्हणून वर्गाने ती रचना नाकारली. पण नकार पंखांच्या जागेला होता, पंखांना नव्हता. पर्थच्याच इलेट बंधूंनी पंख मधल्या फळीच्या आणि सुकाणूच्या तळाशी नेले, आणि तशाच होडीवर रोहन वील २००५ मध्ये जगज्जेता झाला. उंची सांभाळण्याची युक्ती तर फार साधी आहे. नाळेवरून एक काडी लोंबते आणि तिचं टोक पाण्यावर घासत जातं. होडी खाली बसू लागली की काडी मागे ढकलली जाते, पंखाची मागची पट्टी खाली वळते आणि उचल वाढते. होडी फार वर आली की याच्या उलट घडतं. या सगळ्याला ना मोटर लागते, ना बॅटरी.

यावर पहिला आक्षेप असा की, होडीच बदलता आली तर कसब मागे पडतं आणि पैसा जिंकतो. कसबाचं उत्तर विजेत्यांच्या यादीत सापडतं. पॉल गुडिसनने बीजिंगला आणि टॉम स्लिंग्सबीने लंडनला ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं ते लेझरवर, म्हणजे सगळ्यांसारख्याच होडीवर. पुढे गुडिसन २०१६ ते २०१८ सलग तीनदा मोथचा जगज्जेता झाला आणि २०२१ चं विजेतेपद स्लिंग्सबीने घेतलं. चांगला खलाशी दोन्हीकडे चांगलाच ठरतो. पैशाचा आक्षेप मात्र खरा आहे. कार्बन फायबरची होडी सामान्य घराला परवडणारी नाही. पण मॅक टू ही गाजलेली मोथ घडवणाऱ्या अँड्र्यू मॅकडूगलनेच नंतर वास्प आणली. ती त्यामानाने स्वस्त आणि सगळ्यांना एकसारखी आहे. म्हणजे मोकळ्या वर्गात मोजक्यांनी खर्च सोसून जे शोधलं, ते बाकीच्यांपर्यंत बेतात पोचलं.

दुसरा आक्षेप स्वभावाचा आहे. वारा पडला की मोथ उठत नाही, आणि अरुंद धडामुळे उभी असताना कलंडायला बघते. नवशिक्याच्या हाती ती कशी द्यावी? देऊच नये. वारा वाचायला शिकावं ते ऑप्टिमिस्टवरच, कारण तिथे चूक कोणाची हे लगेच कळतं. पण होडी दिली तशीच चालवायची, एवढ्यावर शिक्षण थांबलं तर उत्तम चालक तयार होतील, बर्विल आणि इलेट होणार नाहीत. नियम पाळायची सवय लागलेल्या मुलाने कधीतरी त्यात काय लिहिलेलं नाही, हेही वाचायला शिकावं. मोथ ते शिकवते, आणि तिच्या मागे लागलेले तरुण वेगाइतकेच या वाचनाच्याही मागे असतात.